ग्रँड कॅन्यनच्या तळाशी: काळा पूल आणि बेचाळीस खांदे

सह्यवेडा_फिनिक्सकर

आठ वर्षं ॲरिझोनात राहतोय. एवढ्या काळात ग्रँड कॅन्यन किती वेळा पाहिली याचा हिशोब नाही, पण सगळी वरून. भारतातून कुणी आलं की गाडी काढायची, चार तास हाकायची, दक्षिण कड्यावर फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत परत फिरायचं. खाली नदीवर एक बारीक काळी रेघ दिसते, ती पाहुण्यांना दाखवून "तो बघा पूल" असं सांगायचं कामही मी इमानदारीत केलंय. त्या पुलावर मात्र कधी पाय ठेवला नव्हता.

या ऑक्टोबरात ठेवला. मी, बायको आणि पुण्याहून आलेला मेव्हणा. तळाच्या फँटम रँचमधल्या खोल्यांसाठी पंधरा महिने आधी लॉटरी लागते. आमचं नशीब तेवढं थोर नाही. शेजारच्या ब्राइट एंजल कॅम्पग्राउंडवर तंबू ठोकायचा परवाना मिळाला, दोन रात्रींचा.

साउथ कायबॅब वाटेच्या तोंडाशी खासगी गाडी नेता येत नाही. पहाटेची बस पकडून उजाडायच्या आत पोचलो. वाट सुरू होते ७२६० फुटांवर आणि नदी आहे साधारण २४८० फुटांवर. म्हणजे सात मैलांत पावणेपाच हजार फूट उतार. कळसूबाईला बारी गावातून जेवढं चढतो त्याच्या दीडपट, आणि तेही उलटं: आधी उतरायचं, मग दमलेल्या पायांनी चढायचं. वाटेत पाण्याचा एक थेंब नाही. सावलीही नावालाच.

तीन मैलांवर स्केलेटन पॉइंटपाशी नदी पहिल्यांदा दिसते. त्याच्या बऱ्याच खाली, टिपऑफ नावाचा टप्पा ओलांडल्यावर, दगडाचा रंगच बदलतो. वर पिवळट-लाल थरांच्या चवडी होत्या, इथे काळाकभिन्न विष्णू शिस्ट. होय, विष्णूच. इथल्या शिखरांनाही ब्रह्मा, शिव अशी नावं दिली आहेत. वय सुमारे पावणेदोन अब्ज वर्षं. आपला सह्याद्रीचा बसाल्ट त्यापुढे कालचं पोर.

मग शेवटचं वळण आणि समोर कातळात बोगदा. आत शिरल्यावर काही पावलं डोळ्यांपुढे अंधार होता, आणि त्या अंधारातून बाहेर पडलो ते थेट पुलावरच. मधे अंगण-ओसरी काही नाही.

पूल ४४० फूट लांब आणि पाच फूट रुंद. १९२८ साली पुरा झाला. पायाखाली लाकडी फळ्या आणि त्याखाली कोलोरॅडो. आम्ही मधोमध थांबलो. मेव्हणा आयुष्यात प्रथमच पाच मिनिटं गप्प होता.

पूल ओलांडला की उत्तर तीरावर हजारेक वर्षांपूर्वीच्या, पुएब्लो या मूळ रहिवाशांच्या वस्तीचे दगडी पाये आहेत. जवळच रीस ग्रिफिथ्स या मुकादमाची कबर आहे. ही वाट खोदताना १९२२ मध्ये दरड अंगावर येऊन तो गेला. त्याला इथेच पुरलं.

पण मी धागा काढला तो वेगळ्याच गोष्टीसाठी. पुलाच्या मुख्य तारा आठ. प्रत्येकीची लांबी साडेपाचशे फुटांच्या घरात आणि वजन टनाच्या वर. बाकीचं सामान खेचरांच्या पाठीवरून उतरलं, पण ही सलग तार खेचरांवर लादणार कशी? शेवटी हवासुपाई जमातीच्या ४२ माणसांनी ती खांद्यावर घेतली आणि एकामागे एक चालत तळाशी नेली. आठही तारा अशाच. आम्ही ज्या वाटेने गुडघे धरत उतरलो, त्याच वाटेने.

कुणी तिथे गेलं असेल तर लिहा. फोटो नंतर टाकतो.

आळशी_बोका

वाचनखूण साठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत. (जाणार नाही, पण वाचायला आवडतं.)

देवगडची_कन्या

छान लिहिलंय. आमच्याकडे पऱ्ह्यावर दोन माडाची खोडं टाकून वर बांबूचा कठडा बांधला की झाला साकव. पावसात तो शेवाळतो. मी शाळेत जाताना रोज देवाचं नाव घेत पार करायचे, त्यामुळे पूल म्हटला की माझ्या पोटात गोळा येतो. मोरबीच्या बातमीनंतर तर झुलत्या पुलावर जायचंच नाही असं ठरवून टाकलंय. हा पूल हलतो का हो? खरं सांगा.

सह्यवेडा_फिनिक्सकर

@देवगडची_कन्या, खरं सांगतो, फार नाही हलत. पावलांची थरथर जाणवते. समोरून खेचरांची रांग आली तर बाहेर थांबायचं आणि त्यांना आधी जाऊ द्यायचं, हा तिथला नियमच आहे. तेव्हा फळ्यांचा जो खडखडाट होतो तो ऐकण्यासारखा.

याच्या आधीचा पूल मात्र भलताच हलायचा. तो १९२१ चा. वाऱ्याने वेडावाकडा व्हायचा आणि खेचरं एकेक करून न्यावी लागायची. त्याच्याही आधी, १९०७ पासून, डेव्हिड रस्ट नावाच्या माणसाने नदीवर तार बांधून पिंजरा सोडला होता. त्यात एक खेचर मावायचं. थिओडोर रूझवेल्ट १९१३ साली त्या पिंजऱ्यातून नदी पार झाले, अध्यक्षपद सोडल्यानंतर. आमच्या मेव्हण्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग मी फार तक्रार करत नाही."

लोखंडी_चणे

सिव्हिलवाला आहे, म्हणून थोडं बोलतो. कंटाळा आला तर खाली सरका.

झुलता पूल हलतो तो फक्त तारांमुळे नव्हे. तार स्वतः लवचीकच असते. तिच्यावर एका जागी वजन आलं की तिचा आकार बदलतो, आणि खालची फळी नुसतीच टांगलेली असेल तर तीही त्या आकाराबरोबर वरखाली होते. माणूस चालतो तशी लाट पुढे सरकते. त्यात आडवा वारा आला की पूल पिळवटतो. १९२१ च्या पुलाचं दुखणं हेच.

यावर उपाय म्हणजे दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्यांची त्रिकोणी जाळी, म्हणजे ट्रस. फोटोत जो उंच कठडा दिसतो तो निव्वळ हात ठेवायला नाही. एका जागचं वजन तो आजूबाजूच्या बऱ्याच टांगण्यांवर वाटून देतो, म्हणून तार एका ठिकाणी दबत नाही. वाऱ्यासाठी बाजूने वेगळ्या तारा ताणतात. कठडा उंच आणि बंदिस्त असण्याचा दुसरा फायदा असा की खेचराला बाजूची दरी दिसत नाही.

आता तारेबद्दल. ट्रसचे तुकडे खेचराच्या पाठीवर मावतील एवढे करता येतात आणि जागेवर रिव्हेट किंवा बोल्ट मारून जोडता येतात. मुख्य तारेचं तसं करता येत नाही. सगळा पूल तिच्यावर लटकणार, तिथे मधेच सांधा कोण ठेवेल? ती एका कातळापासून दुसऱ्या कातळापर्यंत सलगच हवी. म्हणजे माणसांशिवाय इलाज नव्हता.

गणित करून पाहिलं. ५५० फुटांत ४२ माणसं म्हणजे दर तेरा फुटांवर एक. टनभर वजन वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला चोवीसेक किलो. ऐकायला फार नाही वाटत. निम्मं तांदळाचं पोतं. पण हे सपाटीवरचं गणित झालं. नागमोडी वाटेवर वळणावर काय होत असेल विचार करा. तार सरळ राहायला बघते, माणूस वळतो. कुठे ती माणसाला दरीकडे ओढणार, कुठे कातळावर दाबणार. वरचा माणूस दोन फूट उंच उभा, म्हणजे त्याचा भार पुढच्याच्या खांद्यावर. एकाने नुसतं खाकरायला खांदा काढला तर मागच्या-पुढच्यावर दीडपट. सगळ्यांचं पाऊल एकदम पडायला हवं.

पालखीचा_भोई

लोखंडी_चणे, शेवटचा परिच्छेद वाचून अंगावर काटा आला. माझं नाव उगाच नाहीये. आमच्या गावच्या जत्रेत पालखी खांद्यावर असते, ती आठ जणांची. उतारावर पुढच्याने "हळूऽऽ" म्हटलं की मागच्याला कळायच्या आत पालखी अर्धा हात पुढे गेलेली असते. आठ जणांत हे होतं. बेचाळीस जणांत आवाज पोचत तरी कसा असेल? पहिला आणि शेवटचा यांच्यात साडेपाचशे फूट, मधे दोन-तीन वळणं. पुढच्याला मागचा दिसतही नसणार.

नाना_चौकस

गोष्ट रंगवून सांगायला छान आहे, पण जरा जमिनीवर या. काम होतं, मजुरी मिळाली, माणसांनी केलं. आपल्याकडे बोरघाटाच्या रेल्वेला काय कमी माणसं राबली? तिथे तर हजारोंनी मेली. त्यांच्या नावाने कोण धागा काढतो?

सह्यवेडा_फिनिक्सकर

नाना, काढा की तुम्ही. पहिला प्रतिसाद माझा.

नाना_चौकस

:) बघतो.

वाळवंटी_माठ

मी टूसॉनला असते आणि कॅन्यनमध्ये चारदा उतरले आहे. नानांच्या "मजुरी मिळाली" यावर थोडं लिहायलाच हवं.

या पुलावरून नदीकाठच्या रिव्हर ट्रेलने ब्राइट एंजल वाटेला लागलात की साधारण अर्ध्या चढावर झाडी आणि झरा लागतो. आता त्या जागेचं नाव हवासुपाई गार्डन्स. २०२२ पर्यंत पाट्यांवर "इंडियन गार्डन" होतं. तिथे हवासुपाई लोक पिढ्यान्‌पिढ्या मका, भोपळे पिकवत. कॅन्यन १९१९ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्यांना हळूहळू तिथून हुसकावलं गेलं. तिथे उरलेला शेवटचा माणूस कॅप्टन बरो. त्याला बाहेर काढलं ते साल १९२८.

पुलाचं सालही १९२८.

मजुरी मिळालीच असेल. पण आपल्याच मळ्याच्या पायथ्याशी दुसऱ्यांसाठी पूल आणून ठेवायचा आणि त्याच साली वरचा मळा सोडायचा, हे एका वाक्यात "काम होतं, केलं" असं बसत नाही.

नाना_चौकस

हे माहीत नव्हतं. साल एकच आहे हे खरंच विचित्र आहे. पण दोन्हींचा संबंध होता असं म्हणायचंय का तुम्हाला?

वाळवंटी_माठ

नाही. योजना म्हणून संबंध जोडत नाहीये. एकाच कार्यालयाच्या दोन फायली शेजारी शेजारी असाव्यात, तसं. मला तेच जास्त खटकतं.

काठावरचा

आमचं जुनं गाव धरणात गेलं. आजोबा त्याच धरणाच्या भिंतीवर दगड वाहायला होते. दिवसाला रोख पैसे मिळत आणि तेव्हा दुसरं काम नव्हतं. म्हातारपणी कुणी विचारलं तर ते भिंतीची उंची आणि दगडाचं माप अभिमानाने सांगायचे. गावाबद्दल बोलायचे नाहीत. आम्हाला लहानपणी वाटायचं त्यांना गावाचं काही वाटत नाही.

नानांचं आणि माठताईंचं, दोन्ही पटतंय. एवढंच.

देवगडची_कन्या

काठावरचा, __/\__

लोखंडी_चणे

अवांतर: हवासुपाईंचं राखीव क्षेत्र १८८२ मध्ये आक्रसून ५१८ एकर केलं होतं. १९७५ च्या कायद्याने सुमारे १ लाख ८५ हजार एकर परत मिळाले. एवढी जमीन परत दिल्याची उदाहरणं अमेरिकेत फार नाहीत. त्यांच्या सुपाई गावात आजही गाडीरस्ता नाही आणि टपाल खेचरावरून येतं.

पिशवीत_दशमी

चर्चा वाचली, पण मी व्यवहारी बाई आहे. पुढच्या मार्चमध्ये आम्ही चौघं जातोय, वयं ४५ ते ५८. एका दिवसात पुलापर्यंत जाऊन परत येता येईल का? खायला काय न्यायचं? गुडघ्यांचं काय?

सह्यवेडा_फिनिक्सकर

@पिशवीत_दशमी, एका दिवसात नदी आणि परत हे करू नका. पार्कचे लोक जागोजागी पाट्या लावून हेच सांगतात आणि दरवर्षी कुणाला तरी उचलून आणावं लागतं. परवाना नसेल तर सीडर रिज (दीड मैल) किंवा स्केलेटन पॉइंट (तीन मैल) इथून परत फिरा. स्केलेटन पॉइंटवरून नदी लांबून दिसेल आणि गुडघे घरी परत येतील.

मार्चमध्ये वर बर्फाचा कडक थर असू शकतो. बुटाला लावायचे काटे जवळ ठेवा. त्याच दिवशी खाली टी-शर्टवर फिराल, एवढा फरक.

काठ्या दोन, एक नव्हे. आणि उतरताना छोटी पावलं. मेव्हणा सिंहगडावर धावत उतरतो म्हणून पहिले दोन मैल तसाच उतरला. दुसऱ्या दिवशी तंबूतून बाहेर येताना रांगत आला.

वाळवंटी_माठ

खाण्याबद्दल मी सांगते, कारण यात लोक चुकतात. वाळवंटात नुसतं पाणी पीत सुटलात तर घामातून गेलेलं मीठ भरून निघत नाही. रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं जड होतं, मळमळतं, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. आणि भोवतालचे म्हणतात, "ऊन लागलंय, आणखी पाणी दे." झालं, प्रकरण आणखी बिघडतं. दर घोटामागे काहीतरी खारट पोटात गेलं पाहिजे. खारे शेंगदाणे, लिंबाचं लोणचं, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर दशमी. आपला डबा इथे अमेरिकन बारपेक्षा भारी पडतो, हे चार फेऱ्यांनंतर छातीठोकपणे सांगते.

उन्हाळ्यात उतरणार असाल तर दहा ते चार चालायचं नाही. तळाशी सावलीत ११० फॅरनहाइटच्या वर जातं, म्हणजे ४३ सेल्सियस. काळा कातळ रात्रीपर्यंत तापलेलाच असतो. ओढ्यात सदरा भिजवून अंगात घालायचा आणि चालायचं, दहा मिनिटांत वाळतो.

नदीत मात्र उतरू नका. वरच्या ग्लेन कॅन्यन धरणाच्या तळातून पाणी सोडतात, म्हणून ते बारा महिने बर्फासारखं गार असतं, आणि ओढ जबरदस्त.

आळशी_बोका

मी न जाण्याच्या निर्णयावर ठाम होत चाललोय.

डबलबेल

दोन पूल आहेत ना तिथे? आम्ही रुपेरी पुलावरून गेलो होतो बहुतेक.

सह्यवेडा_फिनिक्सकर

हो, खालच्या अंगाला दुसरा, सिल्व्हर ब्रिज. तो १९६० च्या दशकातला. उत्तर कड्याखालच्या रोअरिंग स्प्रिंग्जचं पाणी दक्षिण कड्यावर नेणारा नळ त्याच्या पोटाखालून जातो. कड्यावरच्या हॉटेलात तोटी फिरवली की येतं ते हेच पाणी. नळ जुना झालाय, सारखा फुटतो, बदलायचं काम चालू आहे. त्यामुळे जाण्याआधी कुठली वाट आणि कुठलं पाणी चालू आहे ते पार्कच्या संकेतस्थळावर बघाच.

त्या पुलाला खाली लोखंडी जाळी आहे, पायाखाली पाणी दिसतं. खेचरं त्यावर पाय ठेवायला साफ नकार देतात. त्यांना नव्वदी पार केलेला काळा पूलच पसंत. आम्ही परतीला सिल्व्हरवरून गेलो आणि बायको खेचरांच्या बाजूची निघाली.

लोखंडी_चणे

खेचराला ट्रसचं महत्त्व कळतं. आमच्या काही परीक्षार्थींना कळत नाही.

डबलबेल

उत्तर कड्याकडून उतरायचा बेत असेल त्यांच्यासाठी: जुलै २०२५ च्या वणव्यात तिथलं जुनं लॉज जळून गेलं. त्या बाजूच्या वाटा चालू आहेत का, हे विचारल्याशिवाय तिकिटं काढू नका.

आणि एक गंमत. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण शेजारची नावाहो भूमी करते. तिकडून येत असाल तर पहाटेची बस फोनच्या भरवशावर पकडू नका. आम्ही एक तास आधी पोचून थंडीत कुडकुडलो. उशिरा पोचण्यापेक्षा बरं म्हणायचं.

पालखीचा_भोई

सह्यवेडा, एक विचारायचं राहिलं. तारा अजून त्याच आहेत का? म्हणजे त्या बेचाळीस जणांनी नेलेल्या? हात लावता येतो का?

सह्यवेडा_फिनिक्सकर

भोईबुवा, पुलाच्या टोकाशी तारा कातळात शिरतात तिथे जवळून बघता येतात. मनगटाएवढ्या असतील असं डोक्यात होतं. प्रत्येक तार जेमतेम दीड इंचाची आहे, दोन बोटांएवढी. मी हात लावला. उन्हाने तापलेली होती, लगेच काढला.

परत वर जाताना पहाटे चारला निघालो, डोक्याला दिवे लावून. हवासुपाई गार्डन्सला पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. तेव्हा मला १९२८ चं काहीच माहीत नव्हतं. नळावर बाटल्या भरल्या, कॉटनवुडखाली बसून उरलेल्या दशम्या खाल्ल्या आणि "काय जागा आहे!" म्हणून निघालो. माठताईंनी लिहिलेलं काल रात्री बायकोला वाचून दाखवलं. तिने त्या झाडाखालचा फोटो फोनवर काढून पुन्हा पाहिला.

पिशवीत_दशमी

आमचा परवाना आला! दोन रात्री. दशम्या मोजून करणार आहे, आळशी_बोका यांना घेऊन जायला जागा आहे.

आळशी_बोका

मला पोस्टकार्ड पाठवा.

सह्यवेडा_फिनिक्सकर

ते खरंच पाठवता येतं. फँटम रँचच्या कँटीनमध्ये पोस्टकार्ड मिळतं आणि ते खेचरावरून वर जातं. "कॅन्यनच्या तळातून खेचराने नेलेलं टपाल" अशा अर्थाचा शिक्का असतो त्यावर. मी आईला साताऱ्याला एक टाकलं होतं. पाच आठवड्यांनी पोचलं. फोनवर तिने पहिला प्रश्न विचारला, "खेचर साताऱ्यापर्यंत आलं का रे?"